नसीहत कमी, विचारपूस जास्त

तंबाखूने कॅन्सर होतो हे पुडीवरच चित्रासकट छापलेलं असतं. खाणारा ते रोज बघतो आणि बघता बघता तंबाखू मळतो. तरी घरात आपण तेच पुन्हा सांगतो, "अब्बा, सोडा ना आता!" अब्बांचं उत्तरही ठरलेलं, "माझ्या वडिलांनी जन्मभर खाल्ली, त्यांना काय झालं?" आपण एक कारण द्यावं, त्यांनी दोन. वाद संपेस्तोवर तंबाखूची वकिली करून करून त्यांचं मन आणखी पक्कं झालेलं असतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या आहारी गेलेल्यांबरोबर काम करताना हेच हेरलं. १९८३ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत पुस्तक. 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' असं या पद्धतीचं नाव. सवय सोडण्याची कारणं सल्ला देणाऱ्याने नव्हे, त्या माणसानेच बोलून दाखवावीत, हे तिचं सार.

आपल्या घरातलंच बघा. रमजानमध्ये अब्बा सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास तंबाखूला शिवत नाहीत. आपण म्हणतो, "रोज्यात जमतं, मग एरवी का नाही?" हा टोमणा झाला. त्याऐवजी विचारावं, "अब्बा, एवढे तास कसे काढता? जड वेळ कोणती?" आणि मग गप्प बसून ऐकावं. (आम्हा शिक्षकांना हे पथ्य भलतंच कठीण!) ते म्हणतील, "असरनंतर डोकं चढतं, पण हाताला काम असलं की आठवण होत नाही." म्हणजे उपाय त्यांच्यापाशीच निघाला.

आणखी एक प्रश्न असा, "सोडावी असं दहापैकी किती वाटतं?" ते 'चार' म्हणाले की आपण लगेच विचारतो, "फक्त चारच?" या पद्धतीत उलट विचारतात, "चार का? एक का नाही?" मग ते स्वतःच सांगू लागतात की नातू वासामुळे जवळ येत नाही, तिखट झोंबतं.

घरातल्या बायकांच्या मिश्रीबद्दल तर कुणी विचारतच नाही. तीही तंबाखूच, व्यसनात मात्र धरली जात नाही.

आमच्या मते सरळ सल्ला टाकाऊ नाही. डॉक्टरांच्या दोन मिनिटांच्या स्पष्ट शब्दांनीही काही जण सोडतात. नव्या पद्धतीचे निकालही सगळीकडे सारखे नाहीत. तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पुरतं उघडेना, तर विचारपूस करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. एरवी काही सांगायचंच असेल, तर आधी "अब्बा, एक सांगू का?" असं विचारून सांगावं.

तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. नंबर कपाटावर चिकटवून ठेवावा. फोन अब्बांनाच लावू द्यावा.