भट्टी बिघडते कुठे?

कारागिराच्या हाती यंत्र दिले की त्याच्या दारिद्र्याचा प्रश्न सुटला, अशी समजूत सरकारी योजनांच्या भाषेत रूढ झाली आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवर चालणारी चाके वाटली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज, अशी तिची रचना. १५,००० रुपयांत विजेची नवी भट्टी येत नाही. ज्याला माठ-पणत्यांच्या पलीकडे जाऊन झिलईची भांडी करावयाची आहेत, तो कर्जाचा डोंगर टाळण्यासाठी जुन्या भट्टीकडे वळतो. बंद पडलेल्या कार्यशाळेतून वा भंगारातून आलेली ही भट्टी नकाशा, माहितीपत्रक आणि हमी यांवाचून त्याच्या दारात उतरते. खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला मातीकामाची परंपरा नवी नाही. सातवाहनांची राजधानी असलेल्या पैठणच्या भूमीतून भाजलेल्या मातीच्या वस्तू निघाल्या आहेत, आणि मराठवाड्यातील तेर हे गाव तर संत गोरा कुंभारांचे. पण परंपरेच्या गौरवाने आवा पेटत नाही. लाकूड व गोवऱ्या महागल्या, वस्ती दाट झाली, धुराबद्दल शेजारी तक्रार करू लागले. अशा वेळी विजेची भट्टी ही चैन उरत नाही. म्हणूनच ती बंद पडते तेव्हा एका घराची कमाई बंद पडते.

या भट्टीचे अंतरंग फारसे गूढ नाही. उष्णता सहन करणाऱ्या विटांच्या खाचांतून लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. वीज वाहू लागली की तार तापते. आतले तापमान थर्मोकपल सांगते. आणि त्यानुसार कॉन्टॅक्टर प्रवाह जोडतो वा तोडतो. मुख्य भाग इतकेच. भट्टी अपेक्षित तापमानाला पोचत नाही अशी तक्रार आली की दुरुस्ती करणारा बहुधा पहिला दोष तारेला देतो. तार जुनी होते, तिचा विद्युत्‌रोध वाढतो आणि उष्णता घटते, हे खरेच आहे. रोध दहा टक्क्यांनी वाढला तर शक्ती सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होते. पण हे अनुमानाने ठरवण्याचे कारण नाही. २३० व्होल्टवर ३ किलोवॅट देणाऱ्या तारेचा रोध सुमारे साडेसतरा ओहम असला पाहिजे. प्रवाह पूर्ण तोडून, जोडण्या सोडवून साध्या मल्टिमीटरने तो पाच मिनिटांत मोजता येतो.

आता दुसरी शक्यता पाहावी. तार धडधाकट आहे, परंतु संध्याकाळी भट्टीच्या टोकाशी २३० ऐवजी २०० व्होल्टच पोचतात. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून तीच ३ किलोवॅटची तार सव्वादोन किलोवॅटच्या आसपास उष्णता देते. जवळजवळ चौथा हिस्सा वाटेतच गेला. १,२०० अंशांकडे जाताना भट्टीच्या भिंतींतून निसटणारी उष्णता आणि तारेने दिलेली उष्णता समान झाली की काटा जागीच थांबतो. तास वाढतात, मीटर फिरत राहतो, झिलई मात्र वितळत नाही. कुंभार नवी तार विकत घेतो, ती बसवण्याची मजुरी देतो, आणि पुन्हा तेच घडते. भट्टीत नसलेल्या दोषाची किंमत त्याने दोनदा मोजलेली असते.

भट्टी चालू असताना जाणत्या वीजतंत्रीकडून व्होल्टेज दोन जागी मोजून घेतले तर हा घोळ मिटतो. मीटरजवळ २२५ आणि भट्टीजवळ २०० भरले, तर दोष घरातील बारीक वायरचा किंवा सैल जोडणीचा. तशी जोडणी तापून आग लागू शकते, म्हणून ती त्याच दिवशी बदलली पाहिजे. मीटरजवळच २०० असतील, तर दोष वितरणाचा. लघुदाबाच्या ग्राहकाला २३० व्होल्टच्या सहा टक्के खाली-वर या मर्यादेत वीज मिळावी, असे राज्याच्या वीज नियामक आयोगाचे मानक आहे. म्हणजे २१६ च्या खाली जाणे हा सेवेतील कसूर ठरतो. २००३ च्या वीज कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंचाची वाट खुली केली आहे. कुंभाराच्या हाती तारीख-वेळेसह आकड्यांची वही असेल, तर त्याची कैफियत ‘भट्टी जुनी आहे’ या एका वाक्याने झटकून टाकता येणार नाही.

काही दोष याहून धोक्याचे असतात. कॉन्टॅक्टरची टोके एकमेकांना चिकटली तर नियंत्रकाने आज्ञा देऊनही प्रवाह तुटत नाही आणि अख्खा घाणा वाकून वितळतो. थर्मोकपलच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर भट्टी तापत असताना आकडा उतरत जातो. जमिनीशी जोडणी नसेल तर लोखंडी कवचाला हात लावणाऱ्याच्या जिवाशीच गाठ आहे. अशा यंत्रापुढे कारागिराला प्रशिक्षणाविना उभे करणे आणि अपघात झाल्यावर त्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवणे, हा शुद्ध अन्याय आहे.

हे ज्ञान या शहरात दुर्मिळ आहे काय? मुळीच नाही. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहती वाहनांच्या सुट्या भागांवर उभ्या आहेत. पोलादाला पाणी देण्यासाठी लागणाऱ्या विजेच्या भट्ट्यांतही तापणाऱ्या तारा, थर्मोकपल आणि कॉन्टॅक्टर हेच भाग असतात. त्या सांभाळणारा कंत्राटी वीजतंत्री आणि जुन्या वस्तीतला कुंभार एकाच शहरात राहतात. परंतु एकाचे कौशल्य कारखान्याच्या फाटकाआड आणि दुसऱ्याची गरज घराच्या अंगणात, अशी त्यांची ताटातूट झाली आहे. ही फाळणी निसर्गाने केलेली नाही. श्रमिकाचे ज्ञान पाळीच्या तासांपुरते विकत घेणाऱ्या व्यवस्थेने ती केली आहे.

यंत्राच्या मोहापेक्षा जुना आवाच बरा, असे काही जण म्हणतील. स्वस्त माठाला विजेचा खर्च परवडत नाही, हे मान्यच केले पाहिजे. त्यासाठी आवा राहील. पण १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघात कुमारप्पांनी जे काम केले, ते ग्रामीण अवजारे सुधारण्याचेच होते. डॉ. राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्रांचा आग्रह धरला, त्यामागेही यंत्र श्रमिकाच्या कह्यात राहावे हीच दृष्टी होती. जे यंत्र उघडण्याची मुभा आणि अक्कल मालकाला नाही, ते आकाराने कितीही छोटे असले तरी त्याला परावलंबीच करते.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे विचारात घेतली. ग्रामोद्योगातील कारागिराच्या यंत्रांचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. ग्राहकाच्या हक्काची चर्चा झाली, उत्पादकाच्या हक्काची राहून गेली.

म्हणून पक्षाच्या शाखांपुढे तीन कामे आहेत. पहिले, अनुदानातून वा कर्जातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत मराठीतील जोडणीचा नकाशा, सुट्या भागांची यादी आणि दुरुस्तीचे प्रशिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी. दुसरे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कारागिरांसाठी तालुकावार दुरुस्ती केंद्रे उघडावीत, यासाठी पाठपुरावा. तिसऱ्यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही: कामगार संघटनांतील जाणत्या वीजतंत्रींनी महिन्यातून एक रविवार कुंभारांच्या वस्तीत द्यावा, भट्ट्या तपासाव्यात आणि तपासताना मल्टिमीटर कुंभाराच्या मुलामुलींच्या हाती द्यावा. व्होल्टेजच्या नोंदींची पहिली वही त्याच रविवारी सुरू होऊ शकते.