वेताळाचा कायदा

गोष्ट मुळात खोटी आहे हे एकदा ठरले, की तिच्यात काय घडावे नि काय घडू नये यावर वाद घालणे म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा, असे आमच्या मराठवाड्यातल्या पुष्कळ शहाण्या माणसांचे मत आहे. हे मत ते इतक्या ठामपणे मांडतात की ऐकणाऱ्या पोरांची तोंडे आपोआप मिटतात. मला या मताशी भांडावयाचे आहे, आणि ते दिवाळीतच भांडावयाचे आहे. कारण वर्षातून याच चार दिवसांत नांदेड-लातूरकडची मुले अभ्यासातून डोके वर काढून भुताखेतांविषयी मोकळेपणी बोलताना सापडतात.

आमच्या घरी या बोलण्याचा विषय बहुधा वेताळ असतो. माझ्याजवळ 'चांदोबा'चे जुने अंक आहेत. काही बांधून ठेवलेले, काही वाळवीने निम्मे वाचून संपवलेले. मराठी 'चांदोबा' १९५२ साली निघू लागला आणि बंद पडला त्यालाही आता एक तप उलटून गेले. तरी लातूरहून आलेला भाचा आणि घरातली पुतणी त्या अंकांवर अशी तुटून पडतात, की चकलीचे तुकडे पानापानांत सापडावेत. मग प्रश्न निघतात. राजा बोलला की वेताळ निसटतो, हे ठीक. पण राजा शिंकला तर? नुसती मान हलवली तर? तलवारीच्या टोकाने मातीत उत्तर लिहून दाखवले तर? उत्तर दिले आणि ते चुकीचे निघाले तर? "मामा, बोललं की मढं पळतं हे कळतंय, तर हा राजा दरखेपेला बोलतोच कामून?" हा भाच्याचा प्रश्न. तो वाटतो तितका पोरकट नाही.

लातुरातले एक वजनदार गृहस्थ आमच्याकडे येतात. त्यांचा मोठा शिकवणीवर्ग आहे. असा एक वाद त्यांच्या कानावर पडला तेव्हा त्यांनी हसून विचारले, "मढे बोलते हे तुम्हाला पटते, आणि शिंकेपाशी तुम्ही अडता?" मुले गप्प झाली. मला मात्र वाटते, अडायचे ते शिंकेपाशीच. मढे बोलते, एवढे एक खोटे आपण लेखकाला कबूल केलेले असते. त्यापुढे तो बांधला गेला. हुतुतूत दम सुटला की गडी बाद, हा नियम काही निसर्गाने केलेला नाही. तरी दम सुटला की नाही यावरून आमच्या लहानपणी गोदावरीच्या वाळवंटात डोकी फुटली आहेत. हे गृहस्थ स्वतः बुद्धिबळ उत्तम खेळतात. घोडा अडीच घरेच का चालतो, खरा घोडा असे कुठे करतो, असे त्यांनी कोणाला विचारल्याचे ऐकिवात नाही. मग वेताळानेच काय घोडे मारले आहे?

आता मूळ गोष्टीत काय आहे ते पाहू. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाच्या या पंचवीस कथा आहेत. मराठीत एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' आणली. सोमदेवाच्या गोष्टीत एक भिक्षू रोज राजाला एक फळ आणून देतो. एके दिवशी ते माकडाच्या हाती लागून फुटते आणि आतून रत्न पडते. भारावलेला राजा भिक्षूच्या कामासाठी रात्री स्मशानात जातो आणि शिसवीच्या झाडावरचे प्रेत उतरवतो. प्रेत हसते. राजा विचारतो, का हसतोस? त्यासरशी ते पुन्हा झाडावर! बोलायचे नाही, हे येथे राजाला कोणी सांगितलेले नसते. ते तो एका फजितीतून शिकतो. त्यानंतर वेताळ खांद्यावरून गोष्ट सांगतो, प्रश्न टाकतो आणि वर दुसरे कलम लावतो: उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर तुझ्या मस्तकाची शकले होतील.

ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून पाहा. बोललास तर काम गेले. जाणून न बोललास तर डोके गेले. भाच्याच्या 'कामून'चे उत्तर येथे आहे. आणि सगळी मेख 'जाणून' या एका शब्दात आहे. माहीत नसेल तर गप्प बसायला वेताळाची हरकत नाही. शिंकेचा निकालही मग लागतो. शिंक हे उत्तर नव्हे आणि प्रश्नही नव्हे, असे पुतणीचे म्हणणे. तोंडातून आवाज निघाला की मौन मोडले, असे भाच्याचे. दोघांनीही आपापल्या बाजूला मजकुरातला आधार काढून दाखवला. हे आमच्या कोर्टातले वकील करतात त्याहून वेगळे काय आहे, ते मला त्या गृहस्थांनी सांगावे.

चमत्काराला नियम असतात ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. माझे आजोबा निजामी अमलातल्या नांदेडात उर्दूतून शिकले. ते आम्हाला अमीर हमजाच्या दास्तानीतले तिलिस्म सांगत. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड काढले, आणि उर्दू वाचणाऱ्या घरांतून ते निजामाच्या राज्यातही फिरत असत. तिलिस्म म्हणजे जादूचा अख्खा मुलूख. पण त्याला फोडण्याची एक ठरलेली रीत असते, ती एका पाटीवर, 'लौह'वर, लिहिलेली असते आणि ती पाटी त्याच वीराच्या कामाची असते ज्याच्या नावे तो तिलिस्म फुटायचा आहे. आजोबा गोष्ट सांगता सांगता चुकले, पाटीशिवायच दरवाजा उघडला, तर आम्ही त्यांना मागे फिरवत असू. ते रागावत नसत. उलट तंबाखूची चिमूट मळत म्हणत, "मग आता कसं उघडायचं, सांगा तुम्हीच!" निजामाच्या राज्यात आम्हाला कशाकशात बोलायची मुभा नव्हती हे जुन्या लोकांना माहीत आहे, तिलिस्माच्या दारात मात्र होती.

लातूरचा नि आता नांदेडचाही शिकवणीचा धंदा कोणाला ठाऊक नाही? 'लातूर पॅटर्न' हे नाव सबंध महाराष्ट्रात आदराने घेतले जाते आणि त्याने खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले डॉक्टर केली, हे मी नाकारीत नाही. माझी तक्रार मुलांच्या बाबतीत आहे, पॅटर्नच्या बाबतीत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा, आणि न सोडवलेल्या प्रश्नाला शून्य. म्हणजे खात्री नसेल तर गप्प बसावे, यातच शहाणपण. अशा दोन-तीन वर्षांनंतर मुलाला वाटू लागते की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुठेतरी आधीच छापून ठेवलेले आहे. वेताळाच्या प्रश्नाला पर्याय नसतात. तिघांपैकी नवरी कोणाची, असे तो विचारतो, आणि ज्याने हाडे सांभाळली, ज्याने राखेवर झोप काढली, ज्याने मंत्राने उठवली, त्या तिघांचीही बाजू खरी वाटत राहते. राजाने निवाडा दिला की मुले त्या निवाड्यावर अपील करतात! आणि हे अपील ऐकून घेण्याऐवजी "वेळ वाया घालवू नका" असे सांगणारा माणूस त्या दोन कलमांतले पहिलेच तेवढे मुलांना शिकवतो.

या वृत्तीचा मूळपुरुष आमच्याच मुलखात होऊन गेला, असे 'कथासरित्सागर' सांगतो. गुणाढ्याने आपली 'बृहत्कथा' पैशाची भाषेत, रक्ताने, सात लक्ष श्लोकांची लिहिली आणि प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाकडे पाठवली. पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरे! दरबाराने ती झिडकारली. मग गुणाढ्य डोंगरावर बसला, पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. राजाला जाग आली तोवर एक लक्ष श्लोक उरले होते. प्रतिष्ठान म्हणजे आमचे पैठण.

आता दुसरा वाद, रूपाचा. येथे मुले मला जरा वैतागवतात, कारण येथे ती फार लवकर शरण जातात. वेताळ कसा? 'चांदोब्या'तला! चित्रकार शंकर यांनी काढलेले ते चित्र, हाती तलवार, खांद्यावर लोंबणारे पांढरे मढे, आमच्या पिढीच्या मेंदूवर गोंदले गेले आहे. शंकर २०२० साली निवर्तले. त्यांच्या हाताला माझा दंडवत. त्यानंतर १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागरांचा 'विक्रम और बेताल' आला आणि सज्जन या नटाचा पिंजारलेल्या केसांचा वेताळ घरोघर कायम झाला. पण वेताळ हा मढ्यात शिरलेला आहे; मढे हे त्याचे बिऱ्हाड. आज एकाच्या देहात, उद्या दुसऱ्याच्या. मग त्याला स्वतःचे असे तोंड कुठले? कोकणात आरवलीला जा. तेथला वेतोबा उंचापुरा रखवालदार देव आहे. रात्री गावाभोवती फिरून वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, केळीचे घड वाहतात. गोव्यात लोलयेचा बेताळ उघड्यावर दगडी उभा आहे. आमच्याकडच्या शेताच्या बांधावर तो नुसता शेंदराचा गोटा असतो. यांपैकी खरा कोणता, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. पण एकच खरा, असे सांगणाऱ्याला अडवण्यात आहे.

इंग्रजी वाचणारी मुले या बाबतीत जास्त चिवट आहेत. टोल्किनच्या १९५४ सालच्या पुस्तकात बॅलरॉग नावाचा अग्निराक्षस येतो. त्याच्याभोवतीची सावली पंखांसारखी पसरली, असे लेखक आधी म्हणतो आणि थोड्या वेळाने नुसतेच 'पंख' म्हणतो. एवढ्या दोन वाक्यांवरून त्याला पंख होते की नव्हते हे भांडण वाचकांत वर्षानुवर्षे चालले आहे. चित्रपटाने पंख दाखवले, तरी भांडण मिटले नाही. मला हे फार आवडते.

विक्रमाच्या रूपाचे तर सरळ सरळ अपहरण झाले आहे. सोमदेवाच्या गोष्टीतला राजा उज्जैनचा नव्हे. तो त्रिविक्रमसेन, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. म्हणजे ते मढे ज्या नदीच्या मुलखात वाहून नेले गेले, तीच पुढे नांदेडच्या घाटाखालून जाते. मी हे प्रांताभिमानाने सांगत नाही. विक्रम उज्जैनने खुशाल ठेवून घ्यावा. पण आमच्या पुतणीने हे वाचले आणि राजाचे चित्र काढले. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात इसवी सनापूर्वीची चित्रे आहेत. त्यांतल्या माणसांची बांधणी तिने पाहिली होती. उघडे अंग, गळ्यात माळा, डोक्यावर कपाळापाशी मोठी गाठ मारलेले पागोटे, आणि रंग सावळा, आपल्याकडे शेतात उन्हात राबणाऱ्या माणसाचा असतो तसा. एका चित्रस्पर्धेत तिने ते दिले. परीक्षकांनी ते बाजूला ठेवले आणि वर समजावून सांगितले, "बाळ, राजा असा नसतो." कसा असतो? गोरा, मुकुटवाला, दूरदर्शनवरचा!

मला राग आला तो येथे. जो राजा कोणी पाहिला नाही, ज्याच्या रंगाविषयी पुस्तकात अवाक्षर नाही, त्याचा रंग ठरवण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला? सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर राजांचे मुखवटे आहेत, ते तरी पाहायचे. लंडनमध्ये २०१६ साली हॅरी पॉटरच्या नाटकात हर्मायनीची भूमिका नोमा डुमेझवेनी या कृष्णवर्णी अभिनेत्रीने केली, तेव्हाही असाच गदारोळ उठला होता आणि खुद्द लेखिकेने सांगितले की मी तिला गोरी म्हटलेलेच नाही. तिकडे निदान लेखिका हयात होती. सोमदेव काही पुतणीची बाजू घ्यायला येणार नाही; तेव्हा ती मी घेतो. ज्या मुलीच्या मनातला राजा तिच्या बापासारखा दिसतो, तिला "राजा असा नसतो" म्हणणे ही कलेची परीक्षा नव्हे. चित्र आता आमच्या बैठकीत लावले आहे. लातूरच्या त्या गृहस्थांनाही ते आवडले, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

त्या गृहस्थांना माझे एकच आव्हान आहे. चोविसावी कथा दक्षिणेतल्या एका राणीची नि तिच्या मुलीची आहे. दोघी रानात पळतात. एक राजा आणि त्याचा मुलगा त्यांच्या पाउलखुणा पाहून आधीच ठरवतात, की मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची. गाठ पडते तेव्हा उलटेच निघते. लहान पावले आईची! शब्द तर दिलेला. बापाने मुलीशी लग्न केले, मुलाने आईशी. दोघांना मुले झाली. ती एकमेकांची कोण? येथे राजा गप्प राहिला, आणि गप्प राहिला म्हणूनच जिंकला, कारण त्याला खरोखरच माहीत नव्हते.

पुतणीने ते कागदावर मांडून काढले. बापाचा मुलगा हा दुसऱ्याचा काका, आणि तो दुसरा या पहिल्याचा मामा. मराठीत तर दोन्ही शब्द तयार आहेत. आमच्या घरातली कोणतीही आजी वाती वळता वळता हे सांगेल. मग प्रतिष्ठानच्या राजाला हे सुचू नये? आणि सुचले असूनही तो गप्प बसला असेल तर त्याचे डोके शाबूत कसे राहिले? भाचा म्हणतो, एका माणसाला दोन नाती लागू पडली की कोणते सांगायचे हे ठरत नाही, म्हणून ते 'माहीत असणे' नव्हे. पुतणी म्हणते, हा वेताळाने केलेला पक्षपात आहे. त्याला राजा आवडू लागला होता. माझा कल तिच्याकडे आहे. गृहस्थांनी पुढच्या खेपेला आपले मत घेऊन यावे, पर्याय न मागता.