सूतकृमि आणि आपला संकोच

कांहीं व्याधि अशा आहेत कीं, त्यांचें नांव चारचौघांत उच्चारावयास मनुष्य धजत नाहीं. मुलास ताप आला तर सारी आळी विचारपूस करिते. परंतु त्याच्या गुदद्वारास रात्रीं कंड सुटते, ही गोष्ट आई त्याच्या वडिलांसही सांगण्यास लाजते. मग ती डॉक्टरांच्या कानीं कोठून जाणार? वार्षिकाच्या पानांवर असला विषय कशाला, असें कित्येकांस वाटेल. आमचें मत मात्र असें आहे कीं, ह्या व्याधीचें अर्धें बळ कृमींत आहे आणि अर्धें आपल्या संकोचांत. म्हणून शाळेनें व पालकांनीं तिच्याविषयीं उघडपणें बोललेंच पाहिजे.

हा कृमि पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखा दिसतो, म्हणून त्यास सूतकृमि म्हणतात. मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब असते. नर बराच लहान असतो. मूल झोपलें म्हणजे मादी मोठ्या आंतड्यांतून खालीं उतरते आणि गुदद्वाराभोंवतालच्या त्वचेवर सुमारें १०,००० अंडीं घालते. कंड सुटते, मूल झोपेंतच खाजवितें, अंडीं नखांखालीं शिरतात, आणि सकाळीं तींच बोटें तोंडांत जातात. घातल्यापासून ४ ते ६ तासांत हीं अंडीं रोग पसरविण्यास समर्थ होतात. आणि गिळलेल्या अंड्यांतून वाढलेली मादी सुमारें एका महिन्यानें पुन्हां अंडीं घालूं लागते. अशा रीतीनें हें रहाटगाडगें महिनेच्या महिने फिरत राहतें. मूल नीट झोपत नाहीं, चिडचिडें होतें, वर्गांत पेंगतें. आणि आपण त्यास आळशी म्हणून मोकळे होतों!

ह्याविषयीं आपल्याकडे गैरसमज पुष्कळ आहेत. गूळ-साखर खाल्ल्यानें जंत होतात, असें घरोघर सांगतात. परंतु अंडें पोटांत गेल्यावांचून सूतकृमि होत नाहीं, मग मुलानें गोड खावो वा न खावो. कुत्र्यामांजरांसही दोष देण्याचें कारण नाहीं, कारण हा कृमि मनुष्याच्याच आश्रयानें राहतो. तांबड्या मातींत अनवाणी चालल्यानें जो अंगांत शिरतो तो अंकुशकृमि, तो निराळा. पायांत वहाणा घातल्यानें त्यापासून रक्षण होतें, सूतकृमीपासून होत नाहीं. आणि ही केवळ गलिच्छ घरांची व्याधि आहे, हा समज तर सर्वांत घातक होय. अमेरिकेंतील यूटा संस्थानांतल्या एका गुहेंत सांपडलेल्या सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींच्या मानवी विष्ठेंत ह्याच कृमीचीं अंडीं आढळलीं आहेत. मनुष्याचा इतका जुना सोबती श्रीमंत-गरीब पाहून घरांत शिरत नाहीं.

आपल्या कोंकणांत त्यास अनुकूल गोष्टी आहेतच. थंड व दमट जागीं हीं अंडीं दोन-तीन आठवडे जगतात. आणि आषाढ-श्रावणांत तर गोधडीस ऊन म्हणून लागत नाहीं. गणपतीस चाकरमानी सहकुटुंब गांवीं येतात. माजघरांत आठ-दहा मुलें एका ओळीनें निजतात. ही जवळीक आपलें वैभव आहे. ती कोणी सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यामुळेंच ही व्याधि एका मुलाची कधींच नसते. ती सबंध घराची असते.

२०१५ सालापासून सरकारनें राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला आहे. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट ह्या दिवसांस धरून १ ते १९ वर्षें वयाच्या मुलांस शाळांतून व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. दोन वर्षांखालील बालकांस अर्धी. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु त्याचा रोख मातींतून पसरणाऱ्या कृमींवर आहे. शाळेंत गोळी मिळाली, आतां चिंता मिटली, असें पालकांनीं समजूं नये. औषध कृमींस मारतें, अंड्यांस मारीत नाहीं. म्हणून सूतकृमीसाठीं दोन आठवड्यांनीं दुसरी मात्रा लागते, आणि घरांतील सर्वांनीं ती एकाच वेळीं घ्यावी लागते. धाकटा भाऊ व आजी राहून गेलीं, तर महिन्याभरांत पहिलें पाढे पंचावन्न! आमची सूचना अशी कीं, गोळीबरोबर शाळेनें ही माहिती चिठ्ठीनें घरीं धाडावी, आणि पालकांनीं पुढील औषध डॉक्टरांस विचारून घ्यावें; तान्ह्या मुलांच्या व गर्भवतींच्या बाबतींत तर विचारल्यावांचून देऊंच नये. वावडिंगाचा मान आपल्या घरांत जुना आहे. तथापि त्यावर विसंबून औषध टाळूं नये.

संशय असल्यास सकाळीं उठल्याबरोबर, स्नानापूर्वीं, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागीं लावून ती तपासणीस न्यावी. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं अंडीं दिसतात. एके दिवशीं न दिसल्यास लागोपाठ तीन सकाळीं पाहावें. औषधाच्या दिवशीं सकाळीं स्नान घालावें, आंतले कपडे व चादरी न झटकतां गोळा करून ऊन पाण्यांत धुवाव्या, पावसाळ्यांत इस्त्री फिरवावी. नखें कापावीं, शौचानंतर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे. म्हणूनच शाळेच्या नळापाशीं साबण असणें ही आम्हांस चैन वाटत नाहीं. फळा-खडूइतकीच ती गरज आहे.

विद्यार्थिमित्रहो, एक विनंति तुम्हांसही आहे. ह्या कारणानें कोणा सोबत्याची थट्टा करूं नका. औषध घेऊन, स्नान करून, नखें कापून आलेल्या मुलास बाकावर जवळ बसूं देण्यास कांहींच हरकत नाहीं. ज्याची थट्टा होते तो उद्यां दुखणें लपवितो, आणि लपविलेलें दुखणें वर्गभर फिरून तुमच्याच घरीं येतें. आणि पालकहो, मुलानें अशी तक्रार सांगितली तर त्यास दटावूं नका. त्यानें ती तुम्हांस सांगितली, ह्यांतच तिच्या निवारणाचा आरंभ आहे.