साक्षीभाव : कोणी, कोणाला सांगायचा?

दुःखात असलेल्या माणसाला ‘साक्षीभावाने पाहा’ असे सांगणे आपल्याकडे फार सोपे झाले आहे. प्रवचनांतून आणि तणावमुक्तीच्या शिबिरांतून हा शब्द इतका सैल वापरला जातो, की ‘मनाला लावून घेऊ नका’ एवढाच त्याचा अर्थ उरतो. मूळ विचार याहून कठोर आहे आणि अधिक माणुसकीचाही.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचा आरंभच त्रिविध दुःखाच्या आघातापासून होतो. दुःख खरे आहे, म्हणून तर जिज्ञासा. पुढे 19व्या कारिकेत पुरुष हा साक्षी, मध्यस्थ, द्रष्टा आणि अकर्ता ठरतो. सुखदुःखे उमटतात ती बुद्धीत. पुरुषावर त्यांचा आरोप होतो तो अविवेकामुळे. विवेक झाला म्हणून जखम नाहीशी होत नाही; ‘मी म्हणजे ही जखमच’ हे तादात्म्य सुटते. अद्वैत वेदान्ताला पुरुषांचे अनेकत्व मान्य नाही. पण साक्षी आणि साक्ष्य यांतला भेद साधनेपुरता तोही स्वीकारतो.

मात्र हा साक्षी स्वतःच्या चित्तवृत्तींचा असतो. दुसऱ्याच्या वेदनेकडे अलिप्तपणे पाहणे हा साक्षीभाव नव्हे, तो बधिरपणा होय. गीतेच्या 12व्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना ‘उदासीन’ हा शब्द येतो खरा, पण त्याच्या आधी ‘मैत्र’ आणि ‘करुण’ हे शब्द येऊन गेलेले असतात. हा क्रम आपण सहसा लक्षात घेत नाही.

मराठीत याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी अन्नावाचून गेली, हे तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगात सांगितले आहे. त्यात स्वतःची लाज आहे, व्यवसाय बुडाल्याची कबुलीही आहे. दुःख नाकारलेले नाही, सजवलेलेही नाही. ते इतके उघडपणे सांगता येते, कारण सांगणारा त्यात बुडून गेलेला नाही. वर्गात या अभंगावर ‘वैराग्य’ अशी चिठ्ठी लावून आपण पुढे सरकतो, तेव्हा नेमके हे अंतर निसटते.

म्हणून वाटते, साक्षीभावाच्या वाक्याला प्रथमपुरुषच शोभतो. ‘मी पाहतो आहे’ ही साधना आहे. ‘तू पाहा’ हे शोकाकुल माणसाला ऐकवणे म्हणजे त्याच्या दुःखातून आपली सुटका करून घेणे. त्याच्यापाशी नुसते बसून राहणे त्याहून बरे.