टेबलाच्या पलीकडची खुर्ची



ब्रिटनमधील आमच्या सभासदांच्या यादीत व्यवसायाच्या रकान्यात पूर्वी डॉक्टर, परिचारिका, अभियंता एवढेच शब्द आढळत. आता 'स्वतःचा व्यवसाय' हेही शब्द दिसू लागले आहेत. नोकरी मागणाऱ्यांच्या रांगेतून आपली काही माणसे टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतानाच त्या खुर्चीविषयी चार शब्द लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

नेमणूक कोणाच्या हाती आहे यावर धंद्याचे सारे रूप ठरते, हे मुंबईच्या गिरण्यांनी आपल्या समाजाला चांगलेच शिकवले. तेथे माणसे निवडण्याचे काम मालक जॉबरवर सोपवी आणि जॉबर आपल्या गावची, नात्याची, जातीची माणसे आणी. दाराशी बदली कामगार ताटकळत असल्याने कोणाला नवे काही शिकवण्याची निकड मालकाला भासत नसे. विणकाम खात्यात पगार अधिक होता. पण धोट्यात नवी कांडी घातली की छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी आपल्या गँगमनची स्थिती मांडली. गँगमनला बढती नाही आणि पोर्टरची जागाही सहसा मिळत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरीही राबावे लागे! ज्याला पुढची पायरीच नाही, त्याने कामात जीव ओतावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

स्वतः बाबासाहेबांनी शेअर व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले आणि ती पेढी बंद पडली.

हा सारा इतिहास झाला, असे म्हणण्याची सोय नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातील खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, केवळ नावे बदललेले अर्ज पाठवून पाहिले. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या मानाने सुमारे दोनतृतीयांश भरली, असे त्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. २०१५ मध्ये तर आपल्या या देशातच, भारतातून आणलेल्या एका घरकामगार स्त्रीला ताशी अवघे ११ पेन्स मिळत होते असे न्यायाधिकरणासमोर सिद्ध झाले आणि थकीत वेतनापोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम तिला देण्याचा निर्णय झाला.

आता आपल्या घरातले बोलू. 'ओळखीचाच माणूस बरा' हे वाक्य आम्ही आपल्या व्यावसायिकांच्या तोंडून ऐकतो, तेव्हा आम्हास जॉबर आठवतो. 'आपलाच मुलगा आहे, सांभाळून घेईल' म्हणून पगार महिनाभर लांबवला जातो. त्या मुलाचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. तो बोलणार काय? भांडवल नाही, वडिलोपार्जित पेढी नाही, ही अडचण खरी आहे आणि आम्ही ती हलकी लेखत नाही. परंतु अशा वेळी दुसरा माणूस उशिरा नेमावा. अर्ध्या पगारावर दोघे नेमू नयेत. कमी पगारावर ज्या धंद्याचे गणित बसवले जाते, तेथून शिकून तयार झालेला माणूस संधी मिळताच निघून जातो. मालक नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवत बसतो आणि मोठे काम चालून आले तरी ते घेण्याचे धाडस त्याला होत नाही.

या स्मरणिकेतील नोकरीच्या जाहिरातींत काम, पगार आणि बढतीची संधी स्पष्ट छापली जावी, असे संपादक मंडळाने यंदापासून ठरवले. दोन जाहिरातदारांना ही अट रुचली नाही. त्यांनी जाहिराती परत घेतल्या. ती दोन पाने आम्ही धम्मवर्गातील मुलांच्या चित्रांना दिली आहेत.