जुन्या नोटा-नाण्यांना खरेच लाखोंचा भाव मिळतो का?

जळगाव/धुळे : ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, गेंड्याचे पंचवीस पैसे किंवा क्रमांकात ७८६ असलेली नोट द्या आणि लाखो रुपये घ्या, अशा जाहिराती मोबाइलवर फिरत असतात. खान्देशातही अनेक घरांत लक्ष्मीपूजनासाठी जुने रुपये जपून ठेवलेले असतात. त्यामुळे मोह होतो आणि लाख मिळणे दूरच, खात्यातले हजारो जातात.

फसवणूक कशी होते?
आधी नोटेचा फोटो मागवून मोठी रक्कम सांगितली जाते. मग नोंदणी, कमिशन, कर अशा नावांखाली पैसे मागितले जातात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्हही वापरले जाते. बँक असे व्यवहार करत नाही, शुल्क घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच केला आहे.

भाव कशावर ठरतो?
वस्तू किती जुनी यापेक्षा किती नग उरले, स्थिती कशी आणि घेणारे किती, यावर. अमेरिकेत बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ चे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले, ते जवळजवळ नव्यासारखे राहिले म्हणून. हेच कार्ड झिजलेले असेल तर त्याच्या किरकोळ हिश्शाएवढीच किंमत येते.

७८६ क्रमांकाची नोट दुर्मीळ आहे का?
सहा आकडी क्रमांकांच्या १० लाख नोटांत ७८६ हे आकडे सलग असलेल्या सुमारे ४ हजार नोटा निघतात. हौशी माणूस थोडे जास्त देईल, पण लाखो नाही.

घरातल्या राणीछाप रुपयाचे काय?
त्याचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. म्हणजे चांदीचा दर हा त्याचा किमान भाव. असे रुपये कोट्यवधी पाडले गेल्याने बहुतेकांना त्याहून फार जास्त मिळत नाही. अपवादही आहेत. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मीळ मानला जातो; अर्थात त्याच्या नकलाही बऱ्याच आहेत. म्हणून जळगावच्या सराफ बाजारात मोडीत देण्यापूर्वी साल पाहावे आणि जाणकाराला दाखवावे. दिवाळीत चिंच किंवा राख लावून नाणी घासणे टाळावे. घासलेल्या नाण्याचा भाव संग्राहकांकडे उतरतो.

शेतात नाणी सापडली तर?
मोगल काळात शेजारच्या बुऱ्हाणपुरात टांकसाळ होती. त्यामुळे नांगरताना किंवा पाया खोदताना जुनी नाणी हाती लागू शकतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. नाणी कुठे आणि कशासोबत सापडली, यावरून गावाचा इतिहास उलगडतो. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ असाच इतिहास जपत आहे. नाणी वितळवली की तो पुरावाच संपतो.

पैसे गेले तर?
१९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणे अवघड.