भंगारात काढण्याआधी एक ओळ वाचा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या बीड जिल्ह्यातील एका शाळेत जाण्याचा योग आला. संगणक-कक्षाच्या कोपऱ्यात नऊ संगणक धूळ खात पडले होते. डेडस्टॉक रजिस्टरात त्यांच्यापुढे 'निर्लेखनास योग्य' असा शेराही पडला होता. कारण विचारले तेव्हा तेथील सर म्हणाले, "नवी प्रणाली भरायला गेलो, तर हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही, असे उत्तर येते. जुनी झाली यंत्रे."

मी एक संगणक चालू केला. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' व तेथे 'अबाउट' उघडले की 'सिस्टिम टाइप' अशी ओळ दिसते. तीत लिहिले होते: 32-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स-64 प्रोसेसर. या ओळीचा पहिला भाग सांगतो, आज आत कोणती कार्यप्रणाली आहे; दुसरा सांगतो, प्रोसेसर मुळात काय पेलू शकतो. म्हणजे प्रोसेसर 64-बिटचा, पण त्यावर बसवलेली प्रणाली 32-बिटची! सरांनी 64-बिट प्रणालीचा पेनड्राइव्ह जुनी प्रणाली चालू असतानाच उघडला होता. नकार दिला तो त्या जुन्या प्रणालीने; प्रोसेसरला कोणी विचारलेच नव्हते. संगणक थेट पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर नऊपैकी सहा यंत्रांवर 64-बिट लिनक्स विनातक्रार चालले.

हे बिटांचे प्रकरण गणिताचेच आहे. स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक पत्ता असतो. पत्ता 32 अंकी द्विमान संख्येचा असेल, तर 2 चा 32 वा घात, म्हणजे 4,29,49,67,296 इतकेच पत्ते होतात. हेच ते 4 जीबी. अशा प्रणालीच्या संगणकात 8 जीबी स्मृती बसवली, तरी बहुधा निम्मी पडूनच राहते.

आणखी एक गोंधळ नावाचा. लिनक्सच्या 64-बिट आवृत्तीवर पुष्कळदा 'एएमडी-64' असे लिहिलेले असते. इंटेलचा प्रोसेसर असलेला विद्यार्थी ते पाहून मागे सरतो. वास्तविक जुन्या 32-बिट आज्ञाही पाळणारा 64-बिट प्रोसेसर एएमडी कंपनीने 2003 साली प्रथम बाजारात आणला आणि पुढे इंटेलनेही तीच पद्धत स्वीकारली. नाव तेवढे पहिल्याचे राहिले.

प्रोसेसर बदलला की प्रणालीचाही विचार नव्याने करावा लागतो, हे महासंगणकालाही चुकलेले नाही. पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली 'परम 8000' बांधला तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर. 1998 च्या 'परम 10000' मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आणि सोलारिस प्रणाली आली. 2008 च्या 'परम युवा'त इंटेलचे प्रोसेसर आणि लिनक्स. नाव 'परम'च, पण एकाची प्रणाली उचलून दुसऱ्यावर ठेवता आली नसती.

विहिरीवर मोटर बसवण्याआधी तुमच्या घरचे लोक लाइट सिंगल फेज आहे की थ्री फेज, हे विचारतातच. (कपॅसिटर लावून थ्री फेजची मोटर सिंगल फेजवर फिरवणारे बहाद्दर आहेत, ते सोडा.) मग शाळेत हजारोंच्या यंत्राला तेवढा एक प्रश्न का विचारला जाऊ नये? आम्ही शिक्षक संगणकाच्या पिढ्या पाठ करून घेतो, पण समोरच्या संगणकाची ही ओळ मुलांना वाचायला लावत नाही. हा दोष आमचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेली तीन यंत्रे खरोखरच 32-बिटची निघाली. त्यांच्यापुढे वाट अरुंद आहे. विंडोज 11 ची 32-बिट आवृत्तीच नाही, आणि ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 नेही अशा संगणकांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. तरी त्यांवर जुनी 32-बिट लिनक्स भरून, इंटरनेट न जोडता, आठवीची मुले मराठी टंकलेखन शिकत आहेत. रजिस्टरातला शेरा सरांनी लाल शाईने खोडला आहे.